स्वतःच्या जबाबदारीवर पोहा!

(मंडळाच्या श्रूजबरी येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सार्वजनिक किनारे आणि लाइफगार्ड’ असा विषय छापलेला पाहून मघाशी चहाच्या रांगेत एका काकांनी मला विचारलं, "अरे, तू तर कॉम्प्युटरवाला. तुझा आणि समुद्राचा काय संबंध?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, आणि पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टिंग करतो. पोटाबद्दल बोलायला आज इथे स्वयंपाकघरातली टीम समर्थ आहे, तेव्हा मी पाण्याबद्दल बोलतो!

माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे रिक्वायरमेंट्स लिहिणं. क्लायंटला काय हवंय ते कागदावर उतरवायचं. त्या कागदात दोन छोट्या इंग्रजी शब्दांवरून आमची तासन्‌तास भांडणं होतात. एक ‘शॅल’ आणि दुसरा ‘मे’. ‘शॅल’ म्हणजे करावंच लागेल, नाही केलं तर पैसे मिळणार नाहीत. ‘मे’ म्हणजे वाटलं तर करा. इथे निम्मा हॉल आयटीतला आहे, त्यामुळे ‘मे’ मधली कामं कुठल्या रिलीजमध्ये पूर्ण होतात हे मी सांगायला नको!

आजचा माझा प्रश्न एवढाच आहे. उन्हाळ्यात आपण मुलाबाळांना, भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन ज्या तळ्यावर, ज्या बीचवर जातो, तिथे लाइफगार्ड असणं हे ‘शॅल’ मध्ये येतं की ‘मे’ मध्ये? आणि ते ठरवतं कोण?

तुम्ही सगळ्यांनी ती पाटी पाहिली असेल. ‘नो लाइफगार्ड ऑन ड्यूटी. स्विम ॲट युअर ओन रिस्क.’ मराठीत सांगायचं तर, स्वतःच्या जबाबदारीवर पोहा. आता ‘पोहा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खोबरं-कोथिंबीर घातलेली बशीच येते, त्यामुळे असेल कदाचित, पण ती पाटी आपण फार गंभीरपणे घेत नाही. पाटीच्या खालीच चटई पसरतो, डबे उघडतो, आणि पोरं पाण्यात.

मॅसॅच्युसेट्सपुरतं उत्तर आधी सांगून टाकतो. सार्वजनिक किनाऱ्यावर टाउनने लाइफगार्ड नेमलाच पाहिजे अशी सरसकट सक्ती आपल्या राज्यात नाही. राज्याच्या आरोग्य खात्याची बीचसाठी नियमावली आहे, पण तिचा सगळा भर पाण्याच्या तपासणीवर. गोड्या पाण्यात शंभर मिलिलीटरमागे ई. कोलाय जंतू २३५ च्या वर गेले की तो किनारा पोहण्यालायक नाही, पाटी लावा आणि लोकांना थांबवा. सीझनमध्ये ही तपासणी नियमाने व्हावी लागते. उत्तम नियम आहे, माझी काही तक्रार नाही. पण गंमत बघा, पाण्यात जंतू किती आहेत ते मोजणारा माणूस सक्तीचा, आणि पाण्यात माणसं किती आहेत ते बघणारा माणूस ऐच्छिक!

त्याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. समर कॅम्पसाठी हेच राज्य फार कडक आहे. कॅम्पची मुलं पाण्यात असतील तर दर २५ मुलांमागे एक लाइफगार्ड हवा, शिवाय दर दहा मुलांमागे एक काउन्सेलर. त्यात २०१२ मध्ये ‘ख्रिश्चन्स लॉ’ आला. स्टरब्रिज इथून काही लांब नाही. तिथे २००७ साली समर कॅम्पला गेलेला चार वर्षांचा मुलगा बुडाला. त्याच्या आईवडिलांनी पाच वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा हा कायदा झाला. आता टाउनच्या किंवा इतर कॅम्पमध्ये मुलाला तळ्यावर न्यायचं तर आधी त्याची पोहण्याची चाचणी घ्यावी लागते, आणि ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी लाइफ जॅकेट ठेवावं लागतं.

म्हणजे मूल तेच आणि तळंही तेच. बुधवारी ते कॅम्पच्या बसमधून आलं तर त्याच्यासाठी चाचणी, जॅकेट, लाइफगार्ड सगळं ‘शॅल’. शनिवारी तेच मूल आपल्या मिनीव्हॅनमधून उतरलं, की सगळं ‘मे’. शनिवारी तळं काही उथळ होत नाही. फरक एवढाच, की बुधवारी जबाबदारी कॅम्पची असते आणि शनिवारी आपली.

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य नियमांत सार्वजनिक बीचवर देखरेख कुठल्या दर्जाची हवी आणि लाइफगार्ड केव्हा हवेत हे लिहून ठेवलेलं आहे. न्यूजर्सीतही सार्वजनिक पोहण्याच्या जागांसाठी लाइफगार्डचा नियम आहे. न्यूजर्सीवाले मित्र ‘बीच बॅज’ च्या पैशावरून कुरकुर करतात ना, त्या पैशातून किनाऱ्याची साफसफाई होते आणि लाइफगार्डचा पगारही निघतो. पुढच्या वेळी बॅज घेताना थोडी कमी कुरकुर करा असा त्यांना माझा निरोप सांगा.

मग आपल्याकडे ‘मे’ का? याला एक जुनं कारण आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये किनाऱ्याची मालकी ओहोटीच्या रेषेपर्यंत खाजगी असू शकते. हे १६४७ च्या वसाहतकालीन कायद्यापासून चालत आलंय, म्हणजे शिवाजी महाराज तोरण्यावर होते त्या काळातलं! भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात जनतेला हक्क आहे तो मासेमारीचा, पाणपक्ष्यांच्या शिकारीचा आणि नौकानयनाचा. पोहण्यासाठी किनारा वापरायचा हक्क कोर्टांनी त्यात धरला नाही. त्यामुळे समुद्रावर आपल्याला पोहायला मिळतं ते बहुतेक टाउनच्या नाहीतर राज्याच्या मालकीच्या तुकड्यावर. तो तुकडा कसा चालवायचा, किती वाजता उघडायचा, स्टिकर कुणाला द्यायचं आणि लाइफगार्ड ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

दुसरं कारण वकिलांचं. टाउनने लाइफगार्ड ठेवला आणि त्याच्या हातून चूक झाली, तर टाउनवर दावा लागू शकतो. राज्याच्या कायद्याने भरपाईची मर्यादा एक लाख डॉलर आहे, पण दावा तो दावाच. उलट लाइफगार्ड ठेवायचाच नाही हा धोरणाचा निर्णय म्हणून मांडता येतो, आणि धोरणाच्या निर्णयावर दावा सहसा टिकत नाही. तेव्हा एखाद्या सावध माणसाला वाटणारच, की नको ती भानगड, एक पाटी लावून टाका.

या पळवाटेला फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये चांगला चाप लावला. १९९७ च्या फेब्रुवारीत मायामी बीचच्या २९व्या रस्त्याच्या टोकाला एक बाई ओढत्या प्रवाहात सापडली. तिला वाचवायला जॅझ गिटारवादक झॅकरी ब्रो पाण्यात उतरला. दोघंही गेले. तिथे लाइफगार्ड नव्हता. पण त्याच किनाऱ्यावर शहराने खुर्च्या-छत्र्या भाड्याने द्यायचा धंदा चालू ठेवला होता, पार्किंगचे पैसेही घेत होते. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की पोहण्याची जागा चालवायची की नाही हे शहराने खुशाल ठरवावं, पण एकदा ती चालवायला घेतली की ती सुरक्षित ठेवणं आणि लोकांना धोका सांगणं हे शहराचं कर्तव्य आहे. लोकांना बोलवायचं, त्यांच्याकडून पैसे घ्यायचे आणि मग ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणायचं, हे चालणार नाही. मला हा निकाल फार आवडतो. मात्र तो फ्लोरिडाचा आहे, आपल्या राज्याला तो बांधील नाही.

तिसरं कारण अर्थातच पैसा. ‘प्रपोझिशन टू अँड हाफ’ मुळे १९८० पासून आपल्या टाउनना प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची तर मतदारांकडे जावं लागतं. श्रूजबरीत २०१४ आणि २०२१ साली अशी ओव्हरराइड मंजूर झाली. शाळांची काळजी म्हणून आपल्यातल्या ज्यांना मत होतं ते सगळे धावत गेले. शाळा, पोलीस, अग्निशमन, रस्ते एवढं भागल्यावर खाली उरतं त्यात पार्क्स अँड रिक्रिएशन, आणि त्याच्या पोटात कुठेतरी लाइफगार्ड. बजेट कापायला बसलं की कात्री वरून सुरू होत नाही.

आणि पैसे असले तरी माणसं मिळतील असंही नाही. पूर्वी अमेरिकेतले बरेच पूल आणि बीच उन्हाळ्यात पूर्व युरोपातून जे-वन व्हिसावर येणाऱ्या कॉलेजच्या मुलांवर चालायचे. २२ जून २०२० ची घोषणा आठवते का? आपल्या एच-वनचं दार तात्पुरतं बंद झालं म्हणून आपण रात्रभर फोन करत बसलो होतो ना? त्याच कागदात या मुलांचा जे-वनही थांबवला होता. तिकडे कोविडमुळे ट्रेनिंगचे वर्ग बंद. पुढची दोन-तीन वर्षं देशभर लाइफगार्डचा तुटवडा पडला, पूल बंद राहिले, तास कमी झाले. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२३ मध्ये आपल्या लाइफगार्डचा पगार ताशी २२ डॉलरवर नेला, वर बोनस देऊ केला. तेव्हा हे काम ‘पोरं उन्हात बसून गॉगल लावतात’ एवढ्यावर उडवून लावण्यासारखं राहिलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा खर्च करायचा, पण लाइफगार्डने खरंच फरक पडतो का? इंजिनिअरला आकडे लागतात. युनायटेड स्टेट्स लाइफसेव्हिंग असोसिएशन ही संस्था वर्षानुवर्षं आकडे गोळा करते. तिच्या हिशोबाने, त्यांच्या मान्यताप्राप्त लाइफगार्डची देखरेख असलेल्या बीचवर बुडून मरण्याची शक्यता एक कोटी ऐंशी लाखांत एक आहे. समुद्रावरच्या सुटकांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त सुटका या रिप करंटमधल्या, म्हणजे किनाऱ्याकडून आत ओढून नेणाऱ्या प्रवाहातल्या असतात. त्यातून बाहेर पडायचं तर किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाशी झुंजायचं नसतं, किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हायचं असतं. हे घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी कोण सांगणार? म्हणून तो उंच खुर्चीवरचा माणूस. तो कितीतरी लोकांना शिट्टी वाजवून आधीच बाजूला काढतो. ती कामगिरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सर्व्हर डाउन झाला नाही म्हणून आपल्याला तरी कुणी कधी पेढे देतं का?

दुसरी गोष्ट मी हा विषय वाचायला घेईपर्यंत मलाही माहीत नव्हती. बुडणारा माणूस ओरडत नाही. हिंदी सिनेमात ‘बचाओ बचाओ’ म्हणत हात हलवतात तसं काही होत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर लाइफगार्ड असलेल्या फ्रँक पिया यांनी खऱ्या बुडण्याच्या घटनांचं चित्रीकरण करून याचा अभ्यास केला. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या वेळात जेमतेम श्वास घेता येतो, ओरडायला श्वास उरत नाही. हात वर येत नाहीत, ते पाण्याला खाली दाबत राहतात. माणूस उभ्या उभ्या, गुपचूप, वीस सेकंद ते मिनिटभरात खाली जातो. शेजारी दहा फुटांवर फ्रिस्बी खेळणाऱ्यांनाही कळत नाही. म्हणून प्रशिक्षित गार्डला शिकवतात, की आपल्या वाट्याचं पाणी दहा सेकंदांत नजरेखालून घाल आणि गडबड दिसली की पुढच्या वीस सेकंदांत तिथे पोच. फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघता बघता मुलांवर ‘लक्ष ठेवणारे’ आपण आणि तो, यांत हा फरक आहे.

पण मंडळी, नुसता ‘शॅल’ लिहून भागत नाही, हेही तितकंच खरं. जून २०११ मध्ये फॉल रिव्हरच्या सरकारी पूलमध्ये एक बाई बुडाली. पूलवर लाइफगार्ड होते. पाणी मात्र इतकं गढूळ होतं, की त्या बाईंचा मृतदेह दोन दिवसांनी सापडला. मधल्या काळात पूल चालू होता, लोक पोहत होते! आमच्या भाषेत, टेस्ट पास आणि सिस्टीम फेल. खुर्चीवर माणूस आहे एवढ्याने समाधान मानायचं नाही. त्याला तळ दिसतोय का, त्याच्या जागी बदली कधी येते, त्याची वरिष्ठ मंडळी फेरी मारतात का, हे सगळं त्या एका शब्दात यायला हवं.

आणि सीझनचं काय? आपल्याकडे लाइफगार्ड लेबर डेच्या सुमारास खुर्ची उचलून कॉलेजला जातात. समुद्र मात्र सप्टेंबरातही ऊबदार असतो. १५ सप्टेंबर २०१८ ला केप कॉडवर वेलफ्लीटच्या न्यूकम हॉलो बीचवर शार्कच्या हल्ल्यात २६ वर्षांचा एक तरुण गेला. लाइफगार्डचा सीझन संपलेला होता आणि तिथे मोबाइलला सिग्नल नव्हता. त्यानंतर केपवरच्या टाउननी किनाऱ्यांवर रक्तस्राव थांबवायच्या पेट्या ठेवल्या, आपत्कालीन फोन बसवले. कुणी सक्ती केली म्हणून नाही, तिथल्या रहिवाशांनी सभांमधून लावून धरलं म्हणून.

हा ‘शॅल’ आणि ‘मे’ चा खेळ आपल्या मागे महाराष्ट्रातही तसाच आहे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात पालिकेच्या कामांच्या दोन याद्या आहेत, कलम ६१ मध्ये बंधनकारक कामं आणि कलम ६३ मध्ये ऐच्छिक. अग्निशमन दल ठेवणं आणि आगीपासून लोकांचा जीव नि मालमत्ता वाचवणं हे बंधनकारक यादीत आहे. पाण्यापासून वाचवणं मात्र तसं शब्दांत मांडलेलं नाही. गंमत म्हणजे मुंबईच्या चौपाट्यांवरच्या जीवरक्षकांचा कारभार अग्निशमन दलाकडेच आहे. २०१८ मध्ये पालिकेने गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई या किनाऱ्यांसाठी ‘दृष्टी’ या खाजगी कंपनीचे जीवरक्षक आणले. तरी जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या दिवसांत जुहू कोळीवाड्याजवळ पाण्यात गेलेली चार मुलं परत आली नाहीत. खवळलेल्या समुद्रापुढे शिट्टीचं काही चालत नाही, तिथे किनाराच बंद ठेवावा लागतो.

मुंबईत निदान पालिका श्रीमंत आहे. कोकणात किनारा येतो ग्रामपंचायतीच्या पदरात. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ४५व्या कलमात कर्तव्यं सांगताना सुरुवातीलाच अट आहे, की ग्रामनिधीतून जेवढं झेपेल तेवढं. आता दोन-चार हजार वस्तीच्या गावात दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या कितीतरी पट पर्यटक उतरतात. त्यांच्यासाठी जीवरक्षक, होड्या, दोर, भोंगे हे सगळं गावाच्या निधीतून झेपायचं कसं? गणपतीपुळ्याला ग्रामपंचायतीने नेमलेले जीवरक्षक आहेत, आणि तिथला समुद्र किती फसवा आहे हे तिथे गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण सगळी गावं गणपतीपुळे नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले चौदा विद्यार्थी गेले. त्यानंतर सव्वा वर्षाने, एप्रिल २०१७ मध्ये, मालवणजवळ वायरीला बेळगावहून सहलीला आलेले आठ जण गेले. अशा बातमीनंतर आठवडाभर चर्चा होते, सहलींवर बंदी येते. सहली बंद करायला पैसे लागत नाहीत, जीवरक्षक ठेवायला लागतात.

गोव्याने वेगळा रस्ता धरला. २००८ मध्ये राज्याच्या पर्यटन खात्यानेच ‘दृष्टी’ शी करार केला आणि पंचायतींच्या डोक्यावरचं ओझं राज्याने उचललं. लाल-पिवळे झेंडे, मनोरे, जीपची गस्त, सगळं एका ठिकाणाहून. पुढे दूधसागर धबधबा आणि मये तलावावरही जीवरक्षक आले. त्यातही अडचणी झाल्या. २०१८-१९ मध्ये जीवरक्षकांनी संप केला, म्हणाले आम्हाला कंत्राटात नको, सरकारी नोकरीत घ्या. आउटसोर्सिंगची दोन्ही टोकं बघितलेल्या आपल्यासारख्यांना त्यांचं दुःख आणि सरकारचा हिशोब दोन्ही कळतं! पण मला त्यातला धडा महत्त्वाचा वाटतो. पाहुणे राज्याचे असतील, तर त्यांच्या जिवाची जबाबदारी एकट्या गावावर टाकून चालत नाही.

आता आपल्याविषयी. हे मी जरा स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नका. २४ जानेवारी २०२४ ला ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्हज बीचवर भारतीय वंशाच्या एका कुटुंबातले चौघं बुडाले. त्यांतली एक जण भारतातून भेटीला आलेली होती. त्या बीचवर लाइफगार्ड नसतात. एप्रिल २०२३ मध्ये इंडियानातल्या लेक मन्रोमध्ये दोन भारतीय विद्यार्थी असेच गेले. वर्तमानपत्रं आली की अशा बातम्यांत आडनावं ओळखीची दिसतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

असं का होतं? आपल्यातल्या अनेकांना पोहता येत नाही. आपणच काय, सीडीसीने २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार अमेरिकेत चार कोटी प्रौढांना पोहता येत नाही आणि निम्म्याहून जास्त प्रौढ कधी पोहण्याच्या वर्गाला गेलेलेच नाहीत. पण आपल्याकडे त्यात भर आहे. आपण साडी, जीन्स, सलवार-कमीज घालून ‘फक्त गुडघाभर’ पाण्यात उतरतो. ओलं कापड अंगाला गुंडाळलं की पाय उचलत नाही. तळ्यात लाट नाही म्हणून धोका नाही असं आपल्याला वाटतं. आपलं क्विन्सिगामंड तळं घ्या. चार मैल लांब, आणि काही ठिकाणी नव्वद फुटांच्या आसपास खोल. तळ्याला लाट नसते, पण पायाखालची जमीन एका पावलात संपू शकते.

या तळ्याचा एक काठ आपल्या श्रूजबरीचा, पण राज्य उद्यानाच्या पोहण्याच्या जागा, रिगाटा पॉइंट आणि लेक पार्क, समोरच्या वूस्टरच्या काठावर आहेत. त्या चालवतं राज्य. म्हणजे आपल्या मुलांचा लाइफगार्ड आपल्या टाउनच्या बजेटमध्ये नाही, बॉस्टनमध्ये ठरणाऱ्या बजेटमध्ये आहे. कुठल्या काठाला कुणाचं सरकार, हे माहीत असल्याशिवाय पत्र कुणाला लिहायचं तेही कळत नाही.

वूस्टरचीच आणखी एक गोष्ट. ४ जून २०२१ ला ग्रीन हिल पार्कच्या तळ्यात बुडणाऱ्या मुलांना वाचवायला पोलीस अधिकारी एन्मॅन्युएल फमिलिया पाण्यात उतरले. चौदा वर्षांचा एक मुलगा गेला, आणि फमिलियाही गेले. सुदृढ, कर्तव्यदक्ष, ३८ वर्षांचा माणूस. धैर्य त्यांच्याकडे भरपूर होतं. पाण्यातून माणूस काढायचं शिक्षण आणि हाताशी तरंगतं साधन या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या लाइफगार्डकडे असतात. म्हणून घरी सगळ्यांना सांगून ठेवा, कुणी बुडताना दिसलं तर आधी ९११, मग काठी पुढे करा, दोर फेका, काहीच नसेल तर झाकण लावलेला रिकामा कूलर फेका. उडी मारू नका.

मग आपण करायचं काय? मी तीन कामं सुचवतो.

पहिलं, घरातलं. लाइफगार्ड ड्यूटीवर आहे त्याच जागी आणि त्याच वेळात पाण्यात उतरायचं. एवढा एक नियम घरात ‘शॅल’ करून टाका. तळ्यावर गेलं की आळीपाळीने एका मोठ्या माणसाने वीस-वीस मिनिटं फक्त पाण्याकडे बघायचं, फोन दुसऱ्याच्या हातात. पोहता न येणाऱ्यांना, त्यात आजी-आजोबाही आले, कोस्ट गार्डच्या शिक्क्याचं जॅकेट. आणि हिवाळ्यात वायएमसीएच्या वर्गात मुलांबरोबर आई-बाबांनीही नाव घाला. चाळिशीत पोहायला शिकण्यात लाज नाही, आपण चाळिशीत ड्रायव्हिंग शिकलेल्या आयांची मुलं आहोत.

दुसरं, आपल्या मुलांचं. पंधरा वर्षं पूर्ण झाली की रेड क्रॉसचा लाइफगार्ड कोर्स करता येतो. तळाशी टाकलेलं दहा पौंडांचं वजन बुडी मारून वर आणावं लागतं, सीपीआर शिकावं लागतं. आपली मुलं स्पेलिंग बी, मॅथ ऑलिंपियाड, भरतनाट्यम सगळं करतात. उन्हाळ्यात त्या उंच खुर्चीवर एखादा कुलकर्णी, एखादी जाधव बसलेली दिसली तर मला फार आनंद होईल. कॉलेजच्या अर्जात शोभेल हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी सांगतोय, कारण तो सांगितल्यावर पुढचं कुणी ऐकणार नाही!

तिसरं, टाउनचं. टाउनचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे बजेटची खरी चर्चा हिवाळ्यात आणि वसंतात होते. आपल्याला बीच आठवतो जुलैत, तेव्हा पैसे वाटून झालेले असतात. नागरिक असाल तर मत द्या, टाउन मीटिंगला उभे राहा. ग्रीनकार्डवर नाहीतर एच-वनवर असाल तरी पत्र लिहायला आणि आपल्या राज्य प्रतिनिधीच्या ऑफिसात फोन करायला कुणी अडवत नाही, टॅक्स तर आपण सगळेच भरतो. प्रश्न साधे विचारा. आपल्या हद्दीत पोहण्यासाठी उघड्या जागा कुठल्या? तिथे लाइफगार्ड किती, किती वाजेपर्यंत, कुठल्या तारखेपर्यंत? जिथे ठेवणं झेपत नाही तिथे दोराने आखलेली हद्द, खांबाला टांगलेली रिंग, उसने मिळणारे लाइफ जॅकेट आणि त्या जागेचा पत्ता लिहिलेली पाटी, एवढं तरी आहे का? ९११ ला फोन लावल्यावर ‘तुम्ही कुठे आहात’ याचं उत्तर येत नाही म्हणून मिनिटं जातात. तो पत्ता लिहायला टाउनला एक डबा रंग लागेल.

‘स्वतःच्या जबाबदारीवर पोहा’ ही पाटी मला मान्य आहे. पण तिच्यात अर्धीच जबाबदारी लिहिली आहे, उरलेली अर्धी टाउनची नि राज्याची आहे, आणि ती लिहून घ्यायचं काम तिथे राहणाऱ्यांचं, म्हणजे आपलं. आमच्या धंद्यात एक साधा अनुभव आहे. रिक्वायरमेंट कुणी मागितली नाही तर ती कुणी लिहीत नाही. प्रश्नांची यादी मी छापून आणली आहे, दाराशी टेबलावर ठेवली आहे. जाताना एकेक प्रत घ्या. आणि हो, जेवणाआधी मला दोन स्वयंसेवक हवे आहेत, पुढच्या बजेटच्या सुनावणीला माझ्याबरोबर येण्यासाठी. पोहता आलंच पाहिजे अशी अट नाही!